तेलवाल्याची जबानी

चौकशी समितीचे सचिव यांस,

मी, कागद गिरणीच्या कापणी खात्याचा निवृत्त मुकादम, वय वर्षे ब्याऐंशी, शिक्षण चौथी पास, धंदा पूर्वी नोकरी, हल्ली काही नाही, प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सोबत जोडलेली पत्रे माझी व माझ्या मयत धाकट्या भावाच्या नातीची आहेत. मला सर्वत्र मुकादम म्हणूनच ओळखतात. मूळ नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, परंतु जेवढे झाले तेवढे पक्के झाले, हे पत्रांवरून दिसून येईल. पत्रांतील एकही ओळ मी खोडलेली नाही. जेथे मी चुकीचे लिहिले, तेथे तेही तसेच ठेवले आहे. त्यावाचून पुढचे समजणार नाही. मुलीची पत्रे तिच्या परवानगीने जोडली आहेत. माझी जबानी शेवटी आहे.

४ फेब्रुवारी

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

काल सायंकाळी आम्ही दोघे सुखरूप पोहोचलो. तेलवाला बसमध्ये सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसला होता. उतरताना एवढेच म्हणाला, "मुकादम, आता हलकं वाटतंय."

मी किती वर्षे त्याच्या मागे लागलो होतो, हे तुला ठाऊक आहे. यंत्रांना तेल घालणारा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. साहेबासमोर त्याने कधी मान वर केली नाही. तो परवा तुमच्या कचेरीत सर्व सांगून मोकळा झाला. स्फोटाच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकाने बॉयलरची सुरक्षा झडप तारेने बांधून टाकायला लावली आणि बॉयलर सांभाळणाऱ्या तुझ्या आजोबांनी त्यास हरकत घेतली, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. खोलीत आम्ही दोघे व ते आवाज घेणारे यंत्र, एवढेच. साक्षीदारास भीड पडू नये म्हणून कारकूनही यंत्र सुरू करून बाहेर जातो, ही पद्धत मला आवडली. "बॉयलरवाला झोपला होता" हे वाक्य सरकारी कागदावर चाळीस वर्षे आहे. ते आता खोडले जाईल.

आता कामाचे. साक्षीदाराने आपली जबानी स्वतः ऐकून सही केल्याखेरीज ती पक्की होत नाही, हा समितीचा नियम योग्य आहे. परंतु तोपर्यंत आमच्या जबान्यांस कोणीही हात लावू नये. ऐकू नये, उघडू नये, इकडचे तिकडे करू नये. गिरणीत कागदाचा गठ्ठा बांधून शिक्का मारला की, ज्याने मारला त्याच्यासमोरच तो फुटत असे. मालक आला तरी नाही. तुमच्या कारकुनाची नजर मला चुळबुळी वाटली. त्या यंत्रांची देखभाल तुझ्याकडे आहे, म्हणून तुला बजावतो.

माझ्या छातीत कफ झाला आहे. बरा होताच दोघे येऊन सह्या करू. कळावे.

मुकादम

ता. क. फोन करू नये. फोनवरचे अर्धे मला ऐकू येते व उरलेले अर्धे सून सांगते, तिच्या पद्धतीने.

१३ फेब्रुवारी

ती. थोरल्या आजोबांस सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा कारकूनकाका शेजारीच होते. पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाले, "हे लिहिलंय की छापलंय?" तुम्ही त्यांना चुळबुळे म्हणालात ते मी सांगितलं नाही.

अजिबात काळजी करू नका. जबानी घेतली की ती आमच्या सर्व्हरवर, म्हणजे कचेरीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आधी कच्च्या कप्प्यात पडते. सही झाली की पक्क्या कप्प्यात जाते. तुमची आणि तेलवाले आजोबांची कच्च्यातच आहे आणि कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही. कारकूनकाका अधूनमधून येतात, "मुकादमांची फाइल उघडून बघू का गं, आवाज नीट आलाय ना?" मी त्यांना हाकलते. परवा म्हणाले, "तू म्हणजे म्हातारीसारखी किल्ल्या कमरेला लावून बसलीयस."

इथे काम फार आहे. मागच्या आठवड्यात सर्व्हरची जागा भरली आणि तो बंद पडला. एक म्हातारी बाई लांबून आली होती. तिचा नवरा तुमच्याच गिरणीतला. ती बोलत होती आणि यंत्र घेतच नव्हतं. तिला रडतच परत जावं लागलं. मला इतकी लाज वाटली. आता मी बंदोबस्त केलाय. नको असलेला कचरा यंत्र आपला आपण झाडून टाकतं. परत कोणाला असं जावं लागणार नाही.

आजोबांचा तो कोट अजून तुमच्या कपाटात आहे का? बाबा सांगतात, लहानपणी त्यांनी त्याच्या खिशात हात घातला म्हणून तुम्ही पाठीत धपाटा घातला होता.

छाती जपा. सहीची घाई नाही.

तुमची नात

२ मार्च

चि. नातीस आशीर्वाद.

तेलवाला परवा गेला. सकाळी दाराशी खुर्ची टाकून बसला होता. मुलगा चहा घेऊन आला, तोवर संपला होता. गिरणी बंद झाल्यावरही तो गल्लीतल्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालीत असे. कोणास सांगावे लागत नसे. त्याच्या हयातीत आमच्या गल्लीत एकही दार करकरले नाही. यात मी काही वाढवून लिहीत नाही.

त्याची सही राहिली. साक्षीदार मयत झाल्यास, त्याच्यासोबत खोलीत असलेल्याने आवाज ओळखून सही केली तरी चालते, असे सचिवांनी आम्हाला सांगितले होते. तेव्हा दोन्ही सह्या मीच करीन. डॉक्टर अद्याप बसमध्ये बसू देत नाही. एप्रिल लागताच येतो.

त्याचा मुलगा माझ्यावर थोडा नाराज होता. म्हणाला, "उतारवयात कशाला फिरवलंत त्यांना?" मी त्यास म्हटले, "तुझा बाप गेला, पण त्याने जे सांगितले ते कोणी आता नाहीसे करू शकत नाही." तुझ्या यंत्राच्या भरवशावर मी हे बोललो.

कोट आहे. बॉयलरपाशी उष्णता म्हणून तुझे आजोबा तो माझ्या खात्यातील खुंटीस अडकवून कामावर जात. त्या दिवशीही अडकवला. नंतर मी तो पिशवीत घालून कपाटात ठेवला. तुझ्या बापाखेरीज त्यास कोणी हात लावलेला नाही, व धपाटा योग्यच होता.

मुकादम

२१ मार्च

ती. थोरल्या आजोबांस सा. न.

तेलवाले आजोबांचं वाचून फार वाईट वाटलं. उत्तराला उशीर झाला, माफ करा.

तुम्ही एवढ्यात प्रवास करू नका. तारखा पुढे गेल्यात. इथे जरा तांत्रिक अडचण आहे. वेळ पडली तर तुमची जबानी परत घेता येईल का, असं सचिव साहेब विचारत होते. नुसतं विचारून ठेवते.

नात

२७ मार्च

चि. नातीस.

"तांत्रिक अडचण" हा शब्द मी पूर्वी एकदा ऐकला आहे. स्फोटानंतर व्यवस्थापक आमच्या उंबऱ्याबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि हाच शब्द बोलला. आत तुझी आजी बसली होती.

मी दिलेली जबानी परत का द्यावी? दिलेली कोठे गेली? आणि तेलवाल्याची परत कोण देणार?

तुझे एवढे आखूड पत्र मला आजवर आलेले नाही. तुला कोणीतरी गप्प बसवले आहे, असा मी अर्थ घेतो. शेजारच्या घड्याळजीने चौकशी करून सांगितले की, तुमच्या त्या कारकुनाची सासुरवाडी आमच्या जुन्या व्यवस्थापकाच्या नात्यात आहे. आमच्या फाइली उघडण्याची त्यास का घाई होती, हे आता उघड आहे. मी सचिवांस रजिस्टर पत्राने तक्रार केली असून, त्यात कारकुनाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. तू आपल्या आजोबांची नात आहेस. माझ्यापासून काही लपवणार नाहीस, असे धरून चालतो.

मुकादम

५ एप्रिल

ती. थोरल्या आजोबांस सा. न.

तुमच्या पत्रावरून कारकूनकाकांना घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत पगार नाही. जाताना त्यांनी टेबलाचं कुलूप मला दाखवून लावलं, म्हणजे उद्या कोणी काही म्हणायला नको. मला म्हणाले, "तुझ्या आजोबांना सांग, माझे सासरे शिंपी होते. व्यवस्थापकाचे कपडे शिवत, एवढंच नातं."

त्यांनी काही केलेलं नाही. मी केलंय.

कच्च्या कप्प्यात एरवी उरलंसुरलं पडतं. अर्धवट फाइली, यंत्राने कामापुरत्या काढलेल्या नकला. त्यानेच जागा भरली होती. म्हणून मी एक प्रोग्रॅम लावला. तो रोज तो कप्पा तपासतो आणि ज्या फाइलीला पंधरा दिवस कोणी हात लावला नाही ती पुसून टाकतो. आत काय आहे ते त्याला कळत नाही. शेवटचा हात कधी लागला, एवढंच बघतो. सही न झालेल्या जबान्याही तिथेच पडतात, हे मला माहीत होतं. माहीत असून डोक्यात आलं नाही. बाकीचे लोक चार दिवसांत येऊन सही करून जायचे. ज्यांचं लांबलं त्यांच्या फाइली कारकूनकाका मधूनमधून उघडून आवाज तपासत होते, म्हणून त्या वाचल्या. तुमच्या दोघांच्या मी त्यांना उघडू दिल्या नाहीत.

मी तेरा तारखेला तुम्हाला काळजी करू नका म्हणून लिहिलं तेव्हा त्या होत्या. चार-पाच दिवसांनी गेल्या. तेलवाले आजोबा तेव्हा जिवंत होते.

तेलवाले आजोबा गेल्याचं तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ठरवलं, आवाज ऐकायचा नाही, फाइल जागेवर आहे ना एवढंच बघायचं. कप्पा रिकामा होता. कच्च्या कप्प्याची दुसरी नक्कल ठेवत नाहीत. तिथे ठेवण्यासारखं काही नसतं, असं मीच लिहून दिलं होतं. पुसलेलं कधीकधी परत काढता येतं, म्हणून जाणकार माणूस बोलावला. त्याने दिवसभर प्रयत्न केला. पण मधल्या दिवसांत त्याच जागेवर दुसऱ्या जबान्या लिहिल्या गेल्यात. त्यात मी परत बोलावलेल्या त्या म्हातारीचीही आहे.

सचिवांना मी फक्त फाइली मिळत नाहीत, एवढंच सांगितलं होतं. तुमची तक्रार आल्यावर त्यांना कारण आयतं मिळालं आणि मी गप्प बसले. आज सकाळी जाऊन सगळं सांगितलं. लेखी दिलंय. काय करतील माहीत नाही.

आजोबांना मी बघितलेलं नाही. त्यांच्या बाजूने बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याचं बोलणं माझ्या हातून गेलं. तुम्ही उत्तर नाही दिलंत तरी मी समजेन.

नात

३० एप्रिल

चि. नातीस आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला. त्याचे कारण आजार नव्हे.

तुझे पत्र वाचून मी ते घडी घालून ठेवले. दोन दिवसांनी सुनेने विचारले, "मामंजी, जेवणावर राग कशाला?" तेव्हा तिला वाचून दाखवले. घड्याळजीही बसला होता. तो म्हणाला, "मुकादम, एवढं काय त्यात? तार बांधलेली तुम्हीच पाहिली म्हणा. तेलवाल्यानं पाहिली काय, तुम्ही पाहिली काय, गोष्ट तर खरीच आहे ना? कोण येतंय विचारायला?"

मी त्यास म्हटले, "बॉयलर घर माझ्या खात्यातून दिसत नाही."

"ते आता कोणाला माहितीय? गिरणीच पाडली."

मी त्यास घरी जाण्यास सांगितले. परंतु तुला खरे सांगतो, तो गेल्यावर मी ती जबानी मनात जुळवून पाहिली. उत्तम जुळत होती. तेलवाल्यापेक्षा मी चांगली दिली असती. तो अडखळत बोलला होता. तुझ्या आजोबांचे नाव त्या एका वाक्याने निर्मळ झाले असते. समितीचे काम मे महिन्यात संपते. पुन्हा कोणी विचारणार नाही.

त्या दुपारी मी कोट बाहेर काढला. अंगावर घालून पाहावा, असे मनात आले; का ते सांगता येणार नाही. पिशवी उघडली. बाही हातात धरली ती तशीच सुटून आली. कसरीने सर्व खाल्ले होते. कॉलर व बटणे शाबूत आहेत. सून म्हणाली, "दर वर्षी उन्हात घालू म्हणत होते मी. तुम्ही हात लावू दिला असता तर." मग तिने जमिनीवरचा भुगा कागदावर गोळा केला व मला विचारले, टाकू का. मी नको म्हटले. नंतर टाक म्हटले.

आता तुझे. तुझी चूक आहे व ती मोठी आहे. चूक आणि अपराध हे शब्द मला वेगळे कळतात. गप्प बसून दुसऱ्यास घरी बसू दिलेस, ते अपराधाच्या फार जवळ गेले होते, वेळेवर परतलीस. "कोणीही हात लावू नये" हा हुकूम माझा होता. त्या बाईस रडत परत जावे लागू नये म्हणून तू प्रोग्रॅम लावलास, हेही मी विसरलेलो नाही. तिची जबानी झाली, हे बरे झाले. कोणाच्या जागेवर झाली, हे तिला सांगू नये.

कारकुनावरील तक्रार मी रजिस्टर पत्राने मागे घेतली आहे. त्यांस माफीचे स्वतंत्र पत्र लिहिले. तो शब्द मी आयुष्यात फारसा लिहिलेला नाही, म्हणून आधी दुसऱ्या कागदावर लिहून पाहिला. त्यांनी उत्तर पाठवले आहे: "तुमच्या फाइलीत आवाज नीट आला होता का, ही शंका मला अजून आहे." हा माणूस मला आवडू लागला आहे.

तेलवाल्याच्या मुलास मी जाऊन सांगितले. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "काय बोलले होते ते? आम्हाला घरी कधी काही सांगितलं नाही." मी त्यास ऐकले तेवढे सांगितले. मला सर्व आठवले, याची खात्री नाही. तो म्हणाला, "हे परत एकदा सांगा." मी परत सांगितले.

जबानी देतो. बस अजून सोसवत नाही, तेव्हा यंत्र घेऊन इकडे यावे, अशी सचिवांस विनंती केली आहे. कारकून येणार असतील तर उत्तम. तूही ये. कोटाची बटणे तुझ्याकरिता काढून ठेवली आहेत.

मुकादम

जबानी

समितीने कारकुनास कामावर परत घेतल्याचे कळले. मुलीचा निर्णय सचिवांच्या हाती आहे. तो त्यांनी ही पत्रे वाचून करावा, एवढीच विनंती. आज माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत, मी जे सांगितले व जे यंत्राने घेतले, ते कागदावरही लिहून देतो.

स्फोटाच्या दिवशी व त्याच्या आदल्या दिवशी मी कापणी खात्यात होतो. बॉयलर घर तेथून दिसत नाही. झडप बांधलेली मी पाहिलेली नाही. बांधताना कोण हजर होते, हे मला स्वतःच्या माहितीने ठाऊक नाही.

मी जे पाहिले ते असे. पाळी सुरू होण्यापूर्वी माझा भाऊ नेहमीप्रमाणे कोट अडकवण्यास आला. तो पूर्ण जागा होता व दाढी केलेली होती. एरवी तो थांबत नसे. त्या दिवशी थांबला आणि म्हणाला, "दादा, आज लवकर घरी जा." मी विचारले, का? त्याने उत्तर दिले नाही. मी म्हटले, "मुकादम लवकर गेला तर खातं कोण बघणार?" तो हसला. मग तो बॉयलरकडे गेला. त्याला पळून जाता आले असते. तो कामावर गेला.

मी जे ऐकले ते असे. तेलवाल्याने माझ्या शेजारी बसून, यंत्रासमोर, प्रतिज्ञेवर सांगितले की, व्यवस्थापकाने झडप तारेने बांधून घेतली, तेव्हा तो जिन्यावर तेलाची कुपी घेऊन उभा होता. त्याचे शब्द मला आठवतात ते असे: "बॉयलरवाला म्हणत होता, साहेब, हिला श्वास घेऊ द्या. साहेब म्हणाले, माल निघू दे, मग घेऊ दे." याखेरीज तो बरेच बोलला. ते मला शब्दशः सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. तेलवाला खोटे बोलणारा माणूस नव्हता, हे माझे मत आहे. मत म्हणूनच लिहून घ्यावे. ऐकलेल्यास जी किंमत द्यावयाची ती समितीने द्यावी.

जबानी घेऊन होताच कारकुनांनी ती सर्वांसमोर ऐकवली. आवाज नीट आला आहे. मी जागेवर सही केली आहे. यापुढे ज्यास इच्छा होईल त्याने ती उघडावी, ऐकावी, तिच्या नकला काढाव्यात, इकडची तिकडे न्यावी. माझी हरकत नाही.

येणेप्रमाणे लिहून दिले. हजर असलेले साक्षीदार:

माझी सून.

शेजारचा घड्याळजी, ज्यास मी मागे घरातून जाण्यास सांगितले होते व आज बोलावून आणले.

समितीचे कारकून. यंत्र सुरू केल्यावर मी त्यांस बाहेर जाऊ दिले नाही.

माझ्या धाकट्या भावाची नात.

तेलवाल्याचा मुलगा. सही करण्यापूर्वी बापाचे शब्द असलेला भाग त्याने पुन्हा लावण्यास सांगितला, आणि संपल्यावर आणखी एकदा.